विश्लेषण : रात्रीचे काम स्क्रिप्ट करेल, पण सर्व्हरचा पासवर्ड कुठे ठेवायचा?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचे उदाहरण घेऊ. ऑर्डरी आणि हिशेब पुण्या-मुंबईतल्या लिनक्स सर्व्हरवर, कार्यालयात मात्र विंडोजचा संगणक. रोज रात्री कुणीतरी सर्व्हरवर लॉगिन करायचे, तेच चार आदेश टाइप करायचे, बॅकअप झाला का ते पाहायचे आणि मग घरी जायचे. हे काम संगणक स्वतः करू शकतो. मात्र घाईत लिहिलेली चार ओळींची फाइल सर्व्हर इतरांसाठी उघडाही करू शकते.

त्यासाठी काय लागते?

दूरच्या संगणकावर आदेश देण्यासाठी पूर्वी टेलनेट वापरत. त्यात पासवर्डही उघड्या अक्षरांत जात असे. फिनलंडमधील एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डचोरी झाल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केले. यात सगळा संवाद सांकेतिक रूपात जातो. विंडोजवर त्यासाठी सायमन टॅथम यांचे मोफत 'पुटी' रुळले. त्याचेच भावंड 'प्लिंक' हे स्क्रिप्टमधून चालवता येते. २०१८ पासून विंडोज १० मध्ये ओपनएसएसएचही आधीपासून असते. आदेश बॅच फाइलमध्ये लिहायचे आणि टास्क शेड्युलरला वेळ सांगायची, एवढेच काम.

गाडी अडते कुठे?

पासवर्डपाशी. ओपनएसएसएच पासवर्ड थेट कीबोर्डवरून मागते. स्क्रिप्टने पुढे केलेला पासवर्ड सहसा घेत नाही. मग अनेक जण प्लिंकच्या आदेशातच पासवर्ड लिहून टाकतात. ती फाइल पेनड्राइव्हवर जाते, व्हॉट्सॲपवर फिरते, नोकरी सोडून गेलेल्याकडेही राहते. फाइल ज्याच्या हाती, सर्व्हर त्याच्या हाती.

मग उपाय काय?

किल्ल्यांची जोडी. खासगी किल्ली आपल्या संगणकावर, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर. पासवर्ड कुठेच लिहावा लागत नाही. पण रात्री आपोआप चालणाऱ्या कामाच्या किल्लीला बहुधा स्वतःचा पासवर्ड नसतो. तीही चोरीला जाऊ शकते. म्हणून बॅकअपसाठी वेगळे खाते ठेवा. ही किल्ली फक्त बॅकअपचाच आदेश चालवेल आणि फक्त कार्यालयाच्या आयपी पत्त्यावरूनच चालेल, अशी अट सर्व्हरवर घालता येते. पुटीच्या ०.६८ ते ०.८० आवृत्त्यांमध्ये एका प्रकारच्या किल्लीत, पी-५२१ मध्ये, गंभीर त्रुटी होती. ती एप्रिल २०२४ मध्ये ०.८१ आवृत्तीत दूर झाली. जुनी आवृत्ती असेल तर ती बदला आणि त्या प्रकारची किल्लीही नव्याने बनवा.

हाताने चालते, रात्री का नाही?

पहिल्यांदा जोडताना एसएसएच सर्व्हरची ओळख दाखवून 'विश्वास ठेवायचा का?' असे विचारते. आपण दिलेले उत्तर त्या विंडोज खात्यापुरतेच साठते. शेड्युलर दुसऱ्या खात्याने काम चालवत असेल, तर तोच प्रश्न पुन्हा येतो आणि उत्तर द्यायला कुणी नसल्याने काम तिथेच थांबते. यावर स्क्रिप्टमधून आपोआप 'हो' म्हणणे ही पळवाट धोक्याची आहे. खोटा सर्व्हरही त्यातून खपून जाईल. ज्या खात्याने काम चालणार, त्याच खात्यातून एकदा ओळख तपासून साठवावी. प्लिंकला 'बॅच' पर्याय दिला की प्रश्न आल्यास ते अडकून न बसता चुकीची नोंद करून थांबते.

सकाळी काय पाहायचे?

प्रत्येक वेळचा निकाल लॉग फाइलमध्ये उतरू द्या. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात आणि ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एक फाइल परत उघडून पाहा. स्क्रिप्ट वेळेवर चालली म्हणजे बॅकअप झालाच, असे नसते.