गेवराईच्या विहिरीत सोनं का लागत नाही?

गेवराईकडे विहिरीचं काम निघालं, की बाहेर पडलेल्या दगडांच्या ढिगावर पोरं हमखास चढतात. काळा दगड फोडला की पोटात कधीकधी पांढरी, चमचमती गारगोटी निघते. मग एखादी चुणचुणीत पोरगी विचारतेच, "यात सोनं असेल का हो?"

प्रश्न एकदम बरोबर आहे! सोनं गारगोटीच्याच सोबतीनं राहतं. पण आपल्या दक्षिणेकडे ते सापडतं फार म्हाताऱ्या दगडात. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. गेवराईच्या दक्षिणेला, तीनशेहून जास्त किलोमीटरवर, रायचूर जिल्ह्यात हट्टी गाव आहे. तिथला दगड सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा! तो जमिनीत खोल असताना त्याच्या भेगांतून कढत पाणी वर चढलं. त्यात गारगोटीचं द्रव्य विरघळलेलं होतं आणि चिमूटभर सोनंही. पाणी निवलं, तशी दोन्ही भेगेतच थिजली.

दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा माणसं तिथे सोन्यासाठी खणत होती. सुरुंगाची दारू नव्हती, म्हणून खडकाला लागून लाकडं पेटवायची. खडक तापून तडकला, की घण घालायचे.

आजच्या अशा खाणीत एका टन दगडामागे साधारण तीन-चार ग्रॅम सोनं मिळतं. म्हणजे आजीच्या तोळाभर सोन्यासाठी तीन-चार टन दगड दळायचा. त्या भुकटीत सायनाइडचं पाणी सोडलं, की सोनं विरघळून निघतं. आणि उरलेली भुकटी? ती बाहेर टाकतात. कर्नाटकातल्याच कोलारच्या सोन्याच्या खाणीवर शंभराहून जास्त वर्षं ती टाकत गेले. तीन किलोमीटरहून खोल गेलेली ती खाण २००१ मध्ये बंद झाली, पण भुकटीच्या टेकड्या गावाशेजारी अजून उभ्या आहेत. पावसानं त्यांच्या अंगावर ओघळी पडल्यात, वारा सुटला की त्यांची धूळ घराघरांत शिरते. सोन्यापेक्षा मला या माणसानं रचलेल्या टेकड्यांचंच जास्त नवल वाटतं.

मग आपल्या लाव्हाखाली काय आहे? किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथे जमिनीत खोल भोक पाडलं. ३३८ मीटरवर काळा पाषाण संपला आणि त्याच्याही खाली लागला तो दक्षिणेसारखाच म्हातारा दगड! आपल्या विहिरी तेवढ्या खोल कुठल्या जायला? त्या लाव्हातच थांबतात.