मार्गनाम (संगणक)

मार्गनाम : संगणकाच्या संचयात एखादी फाइल किंवा निर्देशिका (फोल्डर) कोठे आहे, हे मुळापासून क्रमाने सांगणाऱ्या नामावलीस मार्गनाम म्हणतात. निर्देशिकेच्या पोटात निर्देशिका ही उतरंडीची रचना १९६५ मध्ये मल्टिक्स प्रणालीच्या आराखड्यात मांडली गेली. तीत नावे ‘>’ या चिन्हाने विलग करीत. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्सने ‘/’ स्वीकारले. एमएस-डॉसमध्ये निर्देशिका १९८३ मध्ये आल्या. तोवर ‘/’ आज्ञांचे पर्याय दर्शविण्यात गुंतलेले असल्याने तेथे ‘\’ योजावे लागले.

मार्गनाम दीर्घकाळ साधी अक्षरमाला म्हणून हाताळले जाई व त्यातून घातक चुका होत. उदा., एका सेवकाला ‘/नोंदी/राम’ एवढ्याच निर्देशिकेची मुभा असताना मार्गाचा आरंभ केवळ अक्षरे जुळवून तपासला, तर ‘/नोंदी/रामदास’ हीही त्यास खुली होते. वस्तुकेंद्री कार्यक्रमणात मार्गनाम हा स्वतंत्र प्रकार मानतात. तुलना घटकाघटकाने होते आणि ‘राम’ व ‘रामदास’ वेगळे ठरतात. मात्र ‘/नोंदी/राम/../सीता’ हा मार्ग याही कसोटीतून निसटतो, कारण ‘..’ म्हणजे एक पायरी वर. हे दोन घटक कागदावर खोडून टाकणेही सुरक्षित नाही. ‘राम’ हा अन्यत्र नेणारा सांकेतिक दुवा असेल, तर ‘..’ चा अर्थ त्या अन्य ठिकाणाची वरची पायरी असा होतो. म्हणून संचयाला विचारून मार्ग प्रथम निश्चित करावा व मगच तपासावा.

मार्गनामाचे घटक पाडून त्याची वस्तू करण्याची कल्पना कॉमन लिस्पमध्ये (१९८४) आढळते. तीत यजमान, उपकरण, निर्देशिका, नाव, प्रकार व आवृत्ती असे सहा घटक होते. जावाच्या पहिल्या आवृत्तीतील (१९९६) वर्गाचे नावच ‘फाइल’ असे ठेवले गेले, जरी तो निर्देशिकाही दर्शवी. शिवाय फाइल पुसता आली नाही तर तो नकार देई, कारण देत नसे. २०११ मध्ये जावात ‘पाथ’ हा नवा प्रकार आला व हे दोष दूर झाले. पायथनमध्ये ‘पाथलिब’ २०१४ मध्ये, तर सी++ मध्ये तत्सम प्रकार २०१७ च्या मानकात समाविष्ट झाला.

फाइल व निर्देशिका हे मार्गनामाचे दोन उपवर्ग करावेत, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ते योग्य नव्हे. मार्गनाम हे नाव आहे, वस्तुस्थिती नव्हे. त्या जागी आज फाइल असेल, क्षणानंतर ती पुसून त्याच नावाची निर्देशिका होईल, किंवा तेथे काहीच नसेल. पायथनने यामुळेच विभागणी निराळ्या ठिकाणी केली : केवळ नावावर क्रिया करणारे ‘शुद्ध’ मार्ग आणि संचयाला प्रत्यक्ष स्पर्श करणारे मार्ग. पहिल्या प्रकारामुळे युनिक्सवर बसून विंडोजचे मार्ग तपासता येतात.

मराठी नावांची एक अडचण मात्र या प्रकारांनी सुटलेली नाही. ‘दुसऱ्या’ यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकाच संकेतांकाने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येतो. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात. ॲपलची जुनी एचएफएस प्लस संचयप्रणाली नावे विघटित रूपात साठवी; लिनक्सवर सामान्यतः आहेत ते बाइट तसेच राहतात. त्यामुळे एकाच निर्देशिकेत ‘दुसऱ्या’ नावाच्या दोन फाइली नांदू शकतात, आणि पायथनचा मार्गप्रकारही त्यांना भिन्नच मानतो. तुलनेपूर्वी दोन्ही नावे एका प्रमाणरूपात आणण्याचे काम कार्यक्रमलेखकाला स्वतः करावे लागते.