सणाचे पान आणि देहाचे वजन

चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या सकाळी आनेकलमधील एकाच गल्लीत एकच सण दोन नावांनी साजरा होत असतो. मराठी घरापुढे गुढी उभी राहते. शेजारच्या कन्नड घरात उगादीचे आम्रतोरण लागते. एका घरात कडुनिंबाचा पाला आणि गूळ हातावर ठेवतात, दुसऱ्या घरात त्यालाच ‘बेवु-बेल्ल’ म्हणतात. इकडची पुरणपोळी तिकडे ‘होळिगे’ किंवा ‘ओबट्टु’ होते, कटाची आमटी ‘ओबट्टिन सारु’ होते आणि कोशिंबीर ‘कोसंबरी’ या नावाने पानावर बसते. दुपारी दोन्ही घरांतील डबे एकमेकांच्या उंबरठ्यावरून जाऊ लागतात. भाषा दोन, सण एक आणि पोळ्या मात्र दुप्पट, अशी त्या दिवसाची स्थिती असते.

आनेकल हे बंगळूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, तमिळनाडूच्या सीमेलगत वसलेले तालुक्याचे गाव. या मुलखाशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर बंगळुरास होती. अलीकडच्या काळात बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या भागांत कारखाने उभे राहिले आणि नोकरीच्या निमित्ताने दूरदूरची कुटुंबे या तालुक्यात आली. त्यांतील एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावे. वय पंचेचाळीस, काम खुर्चीवरचे. वैद्यकीय तपासणीत कमरेचा घेर वाढलेला आणि रक्तातील साखर सीमारेषेवर. सहा-सात किलो वजन उतरवा, असे डॉक्टरांनी बजावलेले. दोन महिने ते नेमाने चालले, मोजून जेवले आणि त्यांचे वजन तीन किलोंनी उतरले. आता समोर पाडव्याचे पान मांडलेले आहे. यजमानीण हातात पोळी घेऊन उभी आहे आणि म्हणते आहे, “भावजी, वर्षाचा सण आहे. एवढी एक तरी घ्याच!”

या क्षणी त्यांना दोनच वाटा दिसतात. एक, पानावर हात आडवा धरून सारेच नाकारावे आणि पंक्तीत परक्यासारखे बसावे. दुसरी, नियम आज मोडलाच आहे तर पुरता मोडावा. या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. त्या का चुकीच्या, हे समजण्यासाठी सणाच्या जेवणाचे देहात काय होते, ते शांतपणे पाहिले पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी सणाला गोडधोड केले, ते देहाची पर्वा नव्हती म्हणून नव्हे. त्यांच्या वर्षात गोड दिवस थोडे आणि साधे दिवस पुष्कळ होते. आनेकलच्या आसपासचा शेतकरी रोज नाचणीचा ‘मुद्दे’ म्हणजे शिजवून वळलेला गोळा, पातळ सारात बुडवून खात असे आणि दिवसभर शेतात राबत असे. त्याच्या जेवणात ओबट्टु वर्षातून मोजक्या वेळा येई. साध्या दिवसांच्या लांब रांगेत तो एक दिवस उठून दिसे. नाचणीसंबंधी एक गैरसमज मात्र येथेच दूर करावा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३२० किलोकॅलरी असतात. पांढऱ्या तांदळात सुमारे ३५५. फरक फार मोठा नाही. परंतु नाचणीत तंतुमय भाग ११ ग्रॅम असतो, तांदळात ३ ग्रॅमसुद्धा नसतो. त्यामुळे नाचणी पोटात अधिक काळ राहते आणि भूक लवकर परत येत नाही. स्थूल माणसास पचायला जड पण पोषणाने हलके अन्न द्यावे, असे चरकसंहितेत सांगितले आहे. त्यातील मर्म थोडेफार हेच.

आज बदलले आहे ते सण नव्हे. बदलले आहेत सणांमधले दिवस. श्रम गेले, बैठक आली. वाढदिवस, निरोपसमारंभ, कचेरीतील पेढे, रविवारचे उपाहारगृह यांनी साध्या दिवसांची रांग जागोजागी तोडली. त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एक लाखाहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. त्यांत ११.४ टक्के लोकांना मधुमेह आढळला आणि ३९.५ टक्के लोकांच्या पोटावर प्रमाणाबाहेर चरबी आढळली. भारतीय देहाची ठेवण अशी, की एकूण वजन फारसे नसतानाही चरबी पोटाभोवती साठते आणि तीच मधुमेहाला व हृदयविकाराला वाट करून देते. म्हणून आपल्याकडे पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे मानतात. वजन उतरविणे हा केवळ रूपाचा प्रश्न नाही, तो आयुष्याचा आहे.

आता पाडव्याच्या पानाचा हिशेब करू. एका मध्यम पुरणपोळीत आकाराप्रमाणे २५० ते ३५० किलोकॅलरी असतात. वर चहाच्या एका चमच्याएवढे तूप घेतले, तर आणखी ४५. समजा, या गृहस्थांनी त्या दिवशी नेहमीपेक्षा १००० किलोकॅलरी अधिक घेतल्या. एक किलो चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे त्या एका जेवणाने, अगदी कठोर हिशेब केला तरी, १३० ग्रॅमच्या आसपास चरबी वाढेल. दुसऱ्या दिवशी काटा मात्र एक किलो अधिक दाखवील आणि गृहस्थांचा धीर सुटेल. धीर सुटण्याचे कारण नाही. अधिक मिठाने शरीरात पाणी धरले जाते आणि पिष्टमय अन्नाचा जो साठा स्नायूंत व यकृतात होतो, तोही आपल्या तिप्पट वजनाचे पाणी बरोबर बाळगतो. साध्या जेवणावर येताच दोन-चार दिवसांत ते पाणी उतरते.

याउलट रोजचे पाहावे. दुपारच्या चहाबरोबर सहज तोंडात टाकलेले फरसाण आणि दोन बिस्किटे यांच्या २०० किलोकॅलरी होतात. वर्षभरात त्याच ७०,००० हून अधिक भरतात. वर्षाच्या बारा सणांना प्रत्येकी १००० जादा धरल्या, तरी बेरीज १२,००० ची होते. शरीर इतके सरळ गणित करीत नाही, हे खरे. पण तराजूचे कोणते पारडे जड आहे, हे कळण्यास एवढे पुरेसे आहे. पुरणपोळीवर जो राग काढला जातो, त्याचा खरा धनी बहुधा फरसाणाचा डबा असतो.

मग सण अगदी निरुपद्रवी आहे काय? तसेही नाही. अमेरिकेत १९५ प्रौढांवर केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंतच्या सणांच्या काळात त्यांचे वजन सरासरीने अर्ध्या किलोहूनही कमी, म्हणजे ०.३७ किलोच वाढले होते. लोकांची समजूत याहून कितीतरी मोठ्या वाढीची होती. चिंतेची गोष्ट पुढेच होती. ही लहानशी वाढ नंतरच्या महिन्यांत पुरती उतरली नाही. दरवर्षी अशी भर पडत गेली, तर वीस वर्षांत अंगरख्याची मापे बदलतात. इंग्लंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात नाताळापूर्वी काही लोकांना आठवड्यातून निदान दोनदा वजन करण्यास सांगितले, खाण्यासंबंधी दहा साध्या सूचना दिल्या आणि एखादा पदार्थ जिरविण्यास किती चालावे लागेल, हे समजावून दिले. नाताळ त्यांनीही साजरा केला. पण त्यांचे वजन वाढले नाही. ज्यांना असे काही सांगितले नव्हते, त्यांचे मात्र ०.३७ किलोने वाढले. सण सोडावा लागला नाही. भान ठेवणे पुरले.

“मोडलाच नियम, आता काय!” ही वृत्ती किती घातक आहे, हेही प्रयोगाने दिसून आले आहे. १९७५ साली अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना दुधाची गोड पेये पाजली आणि नंतर आइस्क्रीमची चव घेण्यास बसविले. जे एरवी मनसोक्त खाणारे होते, त्यांनी पोट भरल्यामुळे आइस्क्रीम कमी खाल्ले. जे सदैव खाण्यावर निर्बंध ठेवणारे होते, त्यांनी पेय घेतल्यावर उलट अधिक खाल्ले. आपला नियम मोडला, या एका जाणिवेने त्यांचा सारा बांध फुटला. कठोर निषेधाच्या पोटात असा अतिरेक दडलेला असतो. म्हणून पाडव्याला पोळी खाणे हा अपराध मानूच नये. तो नियमाचाच एक भाग म्हणून आधी ठरवून ठेवावा: दोन पोळ्या, तुपासह, आनंदाने. जे ठरवून खाल्ले, ते मोडणे होत नाही.

पानावर बसल्यावरही काही गोष्टी हाताशी असतात. तृप्तीचा संदेश पोटाकडून मेंदूकडे पोचण्यास थोडा वेळ लागतो. भराभर जेवणारा मनुष्य ‘पुरे’ हा शब्द ऐकू येण्यापूर्वीच दोन पोळ्या पुढे गेलेला असतो. पानाच्या डाव्या बाजूची कोशिंबीर आणि उजव्या बाजूची पालेभाजी ही केवळ शोभा नव्हे. त्यांच्यापासून सावकाश आरंभ केला, तर पुरणाची वेळ येईपर्यंत भुकेचा आवेग ओसरलेला असतो. दुसरी गोष्ट विविधतेची. एका चवीने जीभ कंटाळते आणि दुसरी चव समोर येताच पुन्हा ताजी होते, हे शास्त्रज्ञांनी पडताळून पाहिले आहे. पोट भरल्यावरही श्रीखंडाला जागा सापडते, ती यामुळेच. तेव्हा पोळी, श्रीखंड, जिलबी आणि खीर यांपैकी ज्यावर जीव आहे, ते एक मनापासून घ्यावे आणि बाकीच्यांना नमस्कार करावा. पोटाचे दोन भाग अन्नाने, एक भाग द्रवाने भरावा आणि चौथा मोकळा सोडावा, असे वाग्भटाने सांगून ठेवले आहे. सणाच्या दिवशीही तो चौथा भाग वाचविता आला, तर दुपारची झोप आणि संध्याकाळची सोड्याची बाटली दोन्ही वाचतात.

तथापि, हे सारे जेवणाऱ्याने केले तरी वाढणाऱ्याचा प्रश्न उरतोच. आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचे माप आहे. अन्न दुर्मिळ होते त्या काळी पाहुणा संकोचाने अर्धपोटी उठत असावा; म्हणून यजमानाने दोनदा विचारणे ही सभ्यता ठरली. आज संकोच उरलेला नाही, टंचाईही बहुतेक घरांतून गेली आहे. आग्रह मात्र राहिला आहे. ज्याला मधुमेह आहे, त्याच्या पानावर लपवून टाकलेली पोळी हे प्रेम नव्हे. एकदा विचारावे, मनापासून विचारावे आणि ‘नको’ हा शब्द मनापासून स्वीकारावा. नको म्हणणाऱ्यानेही ते नाक मुरडून म्हणू नये. “वहिनी, पोळी अशी झाली आहे, की ही दुसरी चवीने संपवू द्या,” असे म्हटले तर यजमानिणीचा मान राहतो आणि पानाचाही. नाकारणे अन्नाचे नसते, आधिक्याचे असते. हे शब्दांतून कळले पाहिजे.

सणाची खरी कसोटी सण संपल्यावर लागते. उरलेले पुरण, शेजारून आलेला ओबट्टु, दिवाळीनंतर पंधरा दिवस फडताळात राहणारे चकलीचे डबे, यांनी एका दिवसाचा सण पंधरवड्याचा होतो आणि वजन वाढते ते तेव्हा. उरलेले त्याच दिवशी वाटून टाकावे. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहू नये. त्याने तिसऱ्या दिवशी भूक सूड घेते. उपवास करावयाचाच, तर साबुदाण्याच्या खिचडीचा करू नये. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण अनुभवातूनच आली आहे. दुसऱ्या दिवशी फक्त साध्या जेवणावर परतावे आणि नेहमीचे चालणे चुकवू नये. जे मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी सणाच्या जेवणासाठी सकाळचे खाणे परस्पर टाळू नये. रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा त्यात धोका असतो. त्यांनी डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा.

पाडव्यानंतर थोड्याच दिवसांनी आनेकलच्या धर्मरायस्वामींच्या मंदिरातून करग निघतो. तो मस्तकावर धारण करणारा पुजारी आधी काही काळ व्रतस्थ राहतो आणि मग उत्सवाची सारी रात्र त्याच्या भोवती जागते. संयम आणि उत्सव हे परस्परांचे वैरी नाहीत, हे या गावाला वेगळे सांगावे लागत नाही. संयम आहे म्हणून उत्सवाला चव आहे. ज्याच्या घरी रोजच पुरणपोळी आहे, त्याला पाडवा उरत नाही.

त्या गृहस्थांनी दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरीला हात जोडले आणि संध्याकाळी शेजाऱ्याबरोबर ते तासभर फिरून आले, तर त्यांचे उतरलेले तीन किलो कोठेही जात नाहीत. पंक्तीत ते परकेही ठरत नाहीत. पाडव्याला कडुनिंब आणि गूळ एकत्र खावा, असे ज्यांनी ठरविले, त्यांना कदाचित एवढेच सांगावयाचे असेल.