डबा भरून घे, डबा भरून दे

सकाळचे सव्वासहा. बोरिवलीतलं एखादं मराठी स्वयंपाकघर. ओट्यापाशी उभी आई कॉलेजला निघालेल्या लेकीला सांगते, "तुझा डबा भरून घे आणि बाबांचा भरून दे." काम दोन्ही वेळा एकच, डब्यात पोळीभाजी भरायची. तरी एकदा 'घे' आणि एकदा 'दे'. क्रियेचं फळ करणाऱ्याच्या पदरात पडतं की दुसऱ्याच्या, हे या दोन शब्दांनी सांगितलं.

जगातल्या अनेक भाषा हे काम क्रियापदाला जोडलेल्या सर्वनामाकडून करून घेतात. लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशाची लक्झेंबर्गिश ही 1984 पासून कायद्याने राष्ट्रीय भाषा आहे. तिच्यात 'मी अंघोळ करतो' म्हणायचं तर 'मी मला धुतो' अशी रचना होते. कर्ता बदलला की सर्वनामही बदलतं: मी असेन तर 'मेश', तू असशील तर 'देश', तो किंवा ती असेल तर 'झेश'. आनंद होणं या क्रियेलाही हे शेपूट लागतं. ती भाषा शिकणाऱ्याला अशी क्रियापदं सर्वनामासकट पाठ करावी लागतात.

मराठीत 'मी मला धुतो' म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल. आपण अंघोळ 'करतो' आणि बाळाला अंघोळ 'घालतो'. क्रियापदच बदलतं, म्हणून 'स्वतःला' म्हणायची गरज पडत नाही. आनंद तर आपण करतही नाही, तो आपल्याला 'होतो'.

आणि जिथे क्रियापद तेच राहतं, तिथे घे-दे ही जोडी कामाला येते. एक छोटा प्रयोग करून पाहा. 'पत्र वाचून घे' आणि 'आजीला पत्र वाचून दे', दोन्ही चालतात. 'गाडी यायच्या आत जेवून घे' हेही चालतं. पण 'माझ्यासाठी जेवून दे' म्हणून पाहा. जीभ अडखळते, कारण जेवणाचं फळ जेवणाऱ्याच्याच पोटात जातं, ते दुसऱ्याला देता येत नाही. झोपेचंही तसंच. 'सोडून दे'मध्ये कुणाचा फायदा नसतो, पण दिशा तीच असते, आपल्यापासून बाहेर.

हा भेद पाणिनीने फार पूर्वी नेमका टिपला. संस्कृतात काही धातू दोन्ही प्रकारे चालतात. स्वयंपाक दुसऱ्यासाठी असेल तर 'पचति', स्वतःसाठी असेल तर 'पचते'. पहिलं परस्मैपद, म्हणजे दुसऱ्यासाठीचं रूप. दुसरं आत्मनेपद, म्हणजे स्वतःसाठीचं. मराठीचं 'घे' त्या प्रत्ययांतून आलेलं नाही. प्रत्यय गेले, पण गरज उरली आणि भाषेने ती साध्या, रोजच्या क्रियापदांतून भागवली.

'आत्मनेपद'मधला 'आत्मन्' मात्र प्राकृतातल्या 'अप्प'च्या वाटेने आपल्यापर्यंत पोचला. 'आपण', 'आपला' आणि हिंदीतलं 'अपना' ही त्याचीच लेकरं. 'त्याने आपला डबा उघडला' म्हटलं की डबा त्याचाच. 'त्याने त्याचा डबा उघडला' म्हटलं की शंकेला जागा राहते. स्वतःबद्दल बोलताना मात्र आपण 'मी माझ्या घरी' म्हणतो, आणि गुजरातीही तसंच म्हणते. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोत 'मैं मेरे घर जा रहा हूँ' कानावर पडतं ते त्यामुळेच. प्रमाण हिंदीत तिथे 'अपने घर' लागतं. ही अशुद्ध हिंदी म्हणून हिणवण्याची गोष्ट नाही. शेजारी नांदणाऱ्या भाषा एकमेकींकडून अशाच शिकतात.

म्हणून उपनगरांत मराठी शिकवणाऱ्यांना एक विनंती. मुलुंड-घाटकोपरच्या गुजराती शेजाऱ्याकडे 'भरी ले' आणि 'भरी आप' आहे, हिंदी बोलणाऱ्याकडे 'भर ले' आणि 'भर दे' आहे. अर्धा धडा त्यांना आधीच येतो. विभक्तीचे तक्ते मागाहून काढा. आधी समोर दोन डबे ठेवा, एक स्वतःचा, एक दुसऱ्याचा, आणि तिथूनच सुरुवात करा.