रुग्णाचं सोंग, डॉक्टरचा सराव

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून देशभर ‘एटकॉम’ आलं: वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद.  यात भूमिकानाट्याला जागा आहे. एक विद्यार्थी डॉक्टर होतो, दुसरा रुग्ण, नाहीतर थेट शेतावरून आलेला नातेवाईक. ‘आमचा पेशंट कसा हाय?’ याला ‘प्रोग्नोसिस पुअर’ हे डॉक्टरी भाषेतलं उत्तर चालत नाही. अभिनय उत्तम हवा असं मुळीच नाही. उलट, प्रसंग संपल्यावर ‘रुग्ण’ झालेल्यानं ‘तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाही’ असं सांगणं, हे जास्त मोलाचं. ही कल्पना नवी नाही: अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्येच प्रशिक्षित ‘खोटे’ रुग्ण वापरले होते. वर्गात असा प्रसंग मोजक्या मिनिटांचा ठेवावा, चर्चेला वेळ जास्त द्यावा.