स्वस्त मोबाईल घेताय? आधी त्याचं काम ठरवा

गेल्या वर्षीची गोष्ट. मधल्या सुट्टीत एक आई स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिची मुलगी आठवीत एनएमएमएस परीक्षा पास होऊन नववीत आलेली. म्हणजे बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये शिष्यवृत्ती. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी बाकी होती. त्यात आधारवरचा चेहरा पडताळावा लागतो आणि त्यासाठी मोबाईलमध्ये दोन ॲप लागतात. आईने फोन आमच्यापुढे धरला आणि म्हणाली, "सर, इसमें ॲपच नहीं उतर रहा."

फोन जेमतेम दोन वर्षांचा. स्टोरेज ३२ जीबी आणि ते काठोकाठ भरलेलं. व्हॉट्सॲपचे व्हिडिओ, लग्नाचे फोटो, 'जुम्मा मुबारक'ची शेकडो चित्रं. ओटीपी येणारं सिम अब्बूच्या खिशात आणि अब्बू सुरतला कामावर. शेवटी दुसऱ्या दिवशी आमच्या फोनवर, अब्बूंना फोन लावून, ओटीपी विचारत काम झालं. अल्हमदुलिल्लाह, मुदत संपायला चार दिवस बाकी होते.

त्या घराने फोन घेताना हजार-दीड हजार रुपये वाचवले होते. अडकणार होते १२ हजार. म्हणून आज हा विषय घेतला. जळगाव असो की धुळे, आपल्या बहुतेक घरांत सात ते दहा हजारांतलाच फोन येतो. त्यात कमीपणा काहीच नाही. पण या किमतीत काय मिळतं आणि कंपनीने कुठे हात आखडता घेतलेला असतो, हे माहीत हवं.

स्वस्त फोन इथवर कसा आला

२०१४ मध्ये गुगलने 'अँड्रॉइड वन' नावाने मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे फोन साडेसहा हजारांच्या आत भारतात आणले. २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट स्वस्त झालं. २०१७ च्या अखेरीस गुगलने कमी ताकदीच्या फोनसाठी अँड्रॉइडची हलकी आवृत्ती काढली, ती 'अँड्रॉइड गो'. २०२१ च्या दिवाळीत ६,४९९ रुपयांचा जिओफोन नेक्स्ट आला: २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. तेव्हा ते पुरेसं वाटलं. आज तेवढ्यात घरची कामं भागत नाहीत, कारण ॲप दरवर्षी जड होत जातात आणि फोन मात्र तेवढाच राहतो.

जमेच्या बाजू

आधी चांगलं सांगू. या फोनची बॅटरी सहसा ५,००० एमएएचची असते. स्क्रीन मोठी, पण साध्या एचडी प्लस दर्जाची, त्यामुळे वीज कमी खाते आणि एक चार्जिंग दिवसभर आरामात चालतं. बऱ्याच फोनमध्ये दोन सिम आणि मेमरी कार्ड या दोन्हींची सोय असते. इयरफोनचं जुनं गोल छिद्रही असतं, जे महागड्या फोनमधून गायब झालंय. बोलणं, व्हॉट्सॲप, यूपीआय, नमाजच्या वेळा, ई-बालभारतीवरची उर्दू माध्यमाची पुस्तकं, एवढ्याला हा फोन पुरतो.

हात कुठे आखडता घेतात

स्टोरेज: सगळ्यात जास्त अडचण इथेच येते. ६४ जीबी लिहिलेलं असलं तरी तेवढी जागा आपल्याला मिळत नाही, त्यातली बरीच सिस्टीमच घेते. शिवाय स्वस्त फोनमध्ये 'ईएमएमसी' जातीची मेमरी असते. वरच्या फोनमधली 'यूएफएस' मेमरी डेटा वाचायला साधारण तिप्पट वेगवान असते. फोन नवा असताना फरक जाणवत नाही. मेमरी भरत आली की फोन रांगायला लागतो. मेमरी कार्डावर फोटो-व्हिडिओ जातात, पण बहुतेक ॲप फोनमध्येच राहतात.

रॅम: डब्यावर "८ जीबी रॅम" असं मोठ्या अक्षरात असेल तर खालची बारीक अक्षरं वाचा. ४ + ४ लिहिलेलं दिसेल. त्यातली खरी रॅम चारच. उरलेली चार म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा, जी खऱ्या रॅमपेक्षा पुष्कळ हळू चालते. टेबल लहान पडलं म्हणून वह्या जमिनीवर मांडाव्यात, तसा हा प्रकार. दुकानदाराला सरळ विचारा, "असली रॅम किती?"

अपडेट: हे डब्यावर ठळक लिहीत नाहीत आणि आम्ही विचारतही नाही. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटी बुजवायला कंपनी सुरक्षा अपडेट पाठवते. स्वस्त फोनला ही सोय सहसा कमी वर्षं मिळते. नंतर फोन चालू राहतो, पण चोरवाटा उघड्या राहतात. पुढे अशी वेळ येते की बँकेचं ॲप जुन्या अँड्रॉइडवर चालायला नकार देतं. दुकानात मागच्या वर्षीचं मॉडेल पाचशेने स्वस्त मिळत असेल, तर त्याचं एक वर्ष आधीच संपलंय हे लक्षात घ्या.

कॅमेरा: "५० मेगापिक्सेल" या आकड्यावर जाऊ नका. सेन्सर लहान असेल तर संध्याकाळी कागदाचा फोटो पुसट येतो आणि फॉर्मला जोडलेला दाखला वाचता येत नाही. पुढचा कॅमेरा साधा असतो, म्हणून चेहरा पडताळणी उजेडाकडे तोंड करून, दिवसा करा.

चार्जिंग आणि उष्णता: १० वॅटच्या चार्जरने ५,००० एमएएचची बॅटरी भरायला अडीच-तीन तास जातात. त्यातून आपला खान्देशी उन्हाळा! अनेक कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतात आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४२-४५ वर असतो. पत्र्याखाली, गाडीच्या डिकीत किंवा उशीखाली फोन चार्ज करू नका. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं.

५जी: हा शब्द बघून लगेच पैसे मोजू नका. काही स्वस्त ५जी फोन फक्त 'स्टँडअलोन' पद्धतीचं ५जी पकडतात. तुमच्या सिमची कंपनी आणि तुमचा मोहल्ला यांत ते चालतं का, ते आधी विचारा. चालत नसेल तर त्याच पैशात जास्त स्टोरेजचा ४जी फोन जास्त कामाचा.

पैसे देताना

हप्त्याने घेत असाल तर दोन किमती विचारा: रोख किती आणि हप्ते, प्रोसेसिंग फी, विमा धरून एकूण किती. दोन्ही कागदावर लिहून घ्या. "झिरो कॉस्ट" म्हटलं तरी कधी फी असते, कधी रोखीची सूट जाते. सुदाचा प्रश्न मनात असेल तर सही करण्याआधी आपल्या आलिमांना विचारा, नंतर नाही.

जुना फोन घेत असाल तर बिल मागा. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की १५ आकडी आयएमईआय नंबर दिसतो. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, मग जागा सोडून तो नंबर लिहून १४४२२ वर एसएमएस करा. फोनची माहिती परत येते. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तेही कळतं. आपला फोन हरवला तर केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरून तो ब्लॉक करता येतो. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

मग घ्यायचा कोणता?

आमचा हिशोब साधा आहे. दादी-नानीला फक्त बोलायचं आणि व्हिडिओ कॉलवर नातवंडं बघायची असतील, तर सगळ्यात स्वस्त फोनही पुरे. पण ज्या फोनवर घरातली मुलं शिकणार, फॉर्म भरले जाणार आणि बँकेचे व्यवहार होणार, त्यात खरी रॅम ४ जीबी आणि स्टोरेज १२८ जीबी असावं. त्यासाठी हजार-दीड हजार जास्त लागले तर दोन महिने थांबा, पण तोच घ्या. चकचकीत पाठ, तीन कॅमेऱ्यांची गोल नक्षी यांवर पैसे घालवू नका.

आणि आजच दोन कामं करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. मुलांच्या आधारला जोडलेला नंबर घरीच राहणाऱ्या माणसाचा ठेवा, म्हणजे बहुधा अम्मीचा. ती मुलगी आता दहावीत आहे. तिच्या घरी सिम अम्मीच्या फोनमध्ये आलंय आणि यंदा त्या फोनवर शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज तिने स्वतः भरला.