रस्त्यावरचा नाका उठला, कागदावरचा राहिला



ऊस विकास विभागाचा लेख म्हटला की बेणे, खताचा पहिला हप्ता आणि पाण्याच्या पाळ्या हे ठरलेलेच. या खेपेस थोडे वेगळ्या रानात जायचे आहे. कारण गटागटांतून फिरताना उसाच्या बांधावर उभे राहून सभासद जे विचारतात, ते हल्ली बरेचदा उसाचे नसतेच. "साहेब, बार्डरवर गाड्या उभ्या हायेत म्हन्ते व्यापारी. भाव पाडून मांगून राह्यला. खरं हाये का थे?" वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या पट्ट्यात हा प्रश्न संत्र्याचा असतो. अकोल्याकडे तोच प्रश्न कापसाचा असतो.

वऱ्हाडात निव्वळ उसावर जगणारा सभासद विरळा. दोन-तीन एकर ऊस आणि बाकी संत्रा, कपाशी, तूर, चणा असेच बहुतेकांचे आहे. उसाचा काटा आपल्या डोळ्यांसमोर होतो, भावासाठी भांडायला समोर माणूस असतो. संत्र्याचा भाव मात्र तेराशे किलोमीटरवरच्या एका फाटकापाशी पडतो, आणि त्या फाटकाचा कागद कोणी लिहिला, त्यात काय लिहिले, हे बागवाल्याला ठाऊक नसते. म्हणून ही बॉर्डर म्हणजे काय प्रकरण आहे ते नीट पाहू.

नाका आपल्याला नवा नाही

इंग्रजी अमलात मिठाच्या करासाठी देशाच्या पोटातूनच एक जकातरेषा काढली होती. सिंधू नदीपासून निघून ती आपल्या मेळघाटाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरपर्यंत येई आणि तिथून पूर्वेला ओरिसाकडे वळे. १८६९ च्या सुमारास तिची लांबी २,३०० मैल होती आणि तिच्यावर जवळपास १२,००० माणसे पहाऱ्याला होती. मोठ्या भागात बाभूळ, करवंद, निवडुंग लावून माणसाला पार करता येणार नाही असे जिवंत कुंपणच उभे केले होते. १८६७ पासून काही वर्षे हे खाते अ‍ॅलन ह्यूम यांच्याकडे होते. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच, आणि त्याच काँग्रेसचे १८९७ चे अधिवेशन आपल्या अमरावतीत भरले. असो.

आपल्यासारख्या ऊसवाल्यांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढे आहे. या रेषेवर मीठ आत येताना कर होता आणि साखर बाहेर जाताना कर होता. म्हणजे साखरेची वाट अडवण्याची रीत काही आजची नाही. गाडीवानाकडे दस्तक असेल तर गाडी पुढे, नसेल तर चौकीवर झडती.

१ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा मोडली. लोकांना हायसे वाटले असेल, पण कर काही उठला नव्हता. सरकारने राजस्थानातील सांभरसारखी मिठागरे आपल्या ताब्यात घेतली आणि मीठ निघते तिथेच कर लावला. रस्त्यावर पहारा ठेवण्याची गरजच उरली नाही. त्या कराविरुद्ध १९३० मध्ये सत्याग्रह झाला, तेव्हा वऱ्हाडाला समुद्र नाही म्हणून अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले गेले. खारपाणपट्ट्यातल्या सभासदांना त्या पाण्याची चव वेगळी सांगायला नको!

नंतरच्या काळातही तेच घडत आले. शहराच्या वेशीवरची जकात आपल्यापैकी चाळिशीच्या पुढच्या सर्वांनी पाहिली आहे. ट्रॅक्टर बाजूला घ्या, पावती फाडा, हमालाला चहा पाजा. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. महापालिकांत जकातीच्या जागी २०१० नंतर टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला आणि तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा राज्याराज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाकेही उठले. नाक्याच्या जागी आले ई-वे बिल. दोन राज्यांमधील वाहतुकीला १ एप्रिल २०१८ पासून आणि महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीला २५ मे २०१८ पासून.

या ई-वे बिलाची भीती शेतकऱ्याला उगाच घातली जाते, म्हणून दोन शब्द. आपल्या राज्यातल्या राज्यात करपात्र माल १ लाख रुपयांच्या आत असेल तर ते लागत नाही. ताजी फळे-भाजी करमुक्त असल्याने त्यांनाही लागत नाही. इंजिन नसलेल्या गाडीतून जाणाऱ्या मालाला नियमानेच सूट आहे, तेव्हा बैलगाडीवाल्यांनी निर्धास्त राहावे. जिथे लागते तिथे वाहनाचा क्रमांक आणि मुदत हे दोन रकाने पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे. गाडी वाटेत बंद पडून दुसऱ्या गाडीत माल भरला, तर नवा क्रमांक भरावा लागतो. दंड बहुधा इथेच बसतो.

पेट्रापोलच्या फाटकावर

आता मूळ प्रश्न. परदेशी जाणाऱ्या नागपुरी संत्र्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. वरुडहून निघालेली गाडी नागपूर, रायपूर, कोलकाता करीत पश्चिम बंगालमधील बनगावजवळ पेट्रापोल येथे पोचते. पलीकडे बेनापोल. मध्ये फक्त फाटक, पण त्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना दोन देशांचे कागद.

अलीकडचे कागद आपल्या निर्यातदाराचे. त्याच्याकडे आयात-निर्यात क्रमांक हवा, बीजक हवे, किती कॅरेट आणि किती वजन याची यादी हवी, फळावर कीड-रोग नसल्याचा वनस्पती आरोग्य दाखला हवा आणि माल भारतातलाच असल्याचा उत्पत्ती दाखला हवा. या सर्वांच्या आधारे कस्टमकडे निर्यातीचे घोषणापत्र दाखल होते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात जहाजाने किंवा विमानाने जाणाऱ्या मालाच्या घोषणापत्राला शिपिंग बिल म्हटले आहे आणि रस्त्याने जाणाऱ्या मालाच्या घोषणापत्राला बिल ऑफ एक्स्पोर्ट. पूर्वी याच्या प्रती हातात घेऊन एजंट टेबलाटेबलावर हिंडत. आता ते संगणकावर भरले जाते आणि मंजुरीही संगणकावरच उमटते. पेट्रापोल येथे २०१६ मध्ये एकात्मिक तपासणी ठाणेही सुरू झाले. तरीही गाड्या बनगावच्या पार्किंगमध्ये अनेक दिवस उभ्या राहत. २०२२ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने गाडीची पाळी आधीच ऑनलाइन नोंदवण्याची सोय केली.

हे सगळे सुधारले, यात शंका नाही. पण संत्रा काही यामुळे महाग झाला नव्हता. खरा भार फाटकाच्या पलीकडे आहे.

बेनापोलला माल उतरला की तिथला आयातदार आपले घोषणापत्र भरतो आणि शुल्क देतो. २०१९ मध्ये हे शुल्क किलोला सुमारे २० रुपये होते. दरवर्षी वाढत २०२२ मध्ये ६३ आणि २०२३ मध्ये ८८ रुपये झाले. दहा टनांच्या गाडीचा हिशेब करून पाहा. २०१९ मध्ये २ लाख रुपये, २०२३ मध्ये ८ लाख ८० हजार. गाडी तीच, रस्ता तोच, फळ तेच. चार वर्षांत एका गाडीमागे ६ लाख ८० हजारांचा बोजा वाढला आणि तो शेवटी कोणाच्या अंगावर आला हे बागवाल्याला सांगायला नको. ढाक्याचा गिऱ्हाईक एका मर्यादेपलीकडे पैसे देत नाही. मधला व्यापारी आपले कमिशन सोडत नाही. उरला झाडाखालचा माणूस.

तिथे शुल्क मोजण्याची रीतही समजून घ्यावी. ते एकच शुल्क नाही. मूळ सीमाशुल्क, त्यावर नियामक शुल्क, त्यावर पूरक शुल्क, मग व्हॅट आणि आगाऊ आयकर, अशी चळत आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या सरकारने परकीय चलन वाचवण्यासाठी फळांवरचे नियामक शुल्क ३ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेले. जानेवारी २०२५ मध्ये पूरक शुल्क २० वरून ३० टक्के केले. त्यांच्या दृष्टीने संत्रा ही चैनीची वस्तू आहे. आपल्याला ते पटो न पटो, निर्णय त्यांचा.

२०२३ च्या अखेरीस आपल्या राज्य सरकारने या शुल्कातील निम्मा वाटा, म्हणजे किलोला ४४ रुपये, अनुदान म्हणून देण्याचे जाहीर केले. ही मदत कागदावर निर्यातदाराच्या नावाने निघते, बागवाल्याच्या नावाने नव्हे, कारण घोषणापत्रावर सही त्याची असते. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. ज्याच्या नावे कागद, त्याच्या नावे सवलत. उसाच्या वजनाच्या चिठ्ठीवर आपले नाव आणि सभासद क्रमांक नसेल तर आपण रात्री बारा वाजता गव्हाणीवर गोंधळ घालतो. संत्र्याच्या बाबतीत मात्र बाग ठोक देतो, इसार घेतो आणि पुढे काय झाले ते व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकतो.

कापूस आणि साखर

कापसाचे थोडक्यात. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भारतीय सूत बेनापोलसह आपल्या जमिनीवरच्या बंदरांतून घेणे बंद केले. समुद्रमार्गे येऊ दिले. म्हणजे मागणी संपली नाही, वाट लांबली. त्याच वर्षी आपल्या केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले, प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. ही मुदत नेमकी आपल्या पहिल्या-दुसऱ्या वेचणीवर आली. गिरण्यांची सोय पाहिली गेली, वेचणाऱ्याची नाही, असे म्हणणाऱ्या सभासदांना मी खोडून काढू शकलो नाही. आणखी एक. कापसावरचा ५ टक्के जीएसटी २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने स्वतः भरायचा आहे. तो तुमच्या पट्टीतून कापला जात असेल तर हरकत घ्या.

साखरेला तर आपल्याच घरचे फाटक आहे. १ जून २०२२ पासून साखरेची निर्यात मुक्त राहिली नाही, केंद्राच्या साखर संचालनालयाची परवानगी लागू लागली. जानेवारी २०२५ मध्ये त्या हंगामासाठी १० लाख टन आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुढच्या हंगामासाठी १५ लाख टन साखर बाहेर पाठवण्यास मुभा मिळाली. कारखान्याला आपला निर्यात कोटा दुसऱ्या कारखान्याशी देशांतर्गत कोट्याच्या बदल्यात बदलता येतो. बंदरापासून दूर असलेल्या विदर्भाच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची, कारण वाहतुकीतच नफा जिरतो. वार्षिक सभेत साखरविक्रीचा विषय निघेल तेव्हा सभासदांनी हे जरूर विचारावे.

आता करायचे काय?

व्यापारी "बॉर्डर बंद" म्हणाला की पहिला प्रश्न असा विचारा: ही गाडी जाणार कुठे? दिल्लीला किंवा केरळला जाणाऱ्या गाडीचा पेट्रापोलशी काही संबंध नाही, आणि बरीच संत्री देशातच खपतात. बांगलादेशला जाणार असेल तर निर्यातदार कोण आणि घोषणापत्र कोणाच्या नावे, हे विचारायला लाजू नका. इसार घेताना साध्या कागदावर का होईना, दर, तोडणीची तारीख आणि तोडणी लांबल्यास फळगळीचे नुकसान कोणाचे, हे लिहून घ्या. वजनकाट्याची चिठ्ठी उसाइतकीच जपा. ताज्या फळांवर जीएसटी नाही, त्या नावाने कपात मान्य करू नका.

स्वतः निर्यात करायची हिंमत असणाऱ्यांनी एकट्याने उडी घेऊ नये. दहा-वीस बागवाल्यांची शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर तिच्या नावाने आयात-निर्यात क्रमांक काढावा. पॅन, बँक खाते आणि ५०० रुपये शुल्क, अर्ज ऑनलाइन. एक गाडी स्वतःच्या नावाने गेली की एजंट किती घेतो, पार्किंगला किती जातात, आयातदार पैसे किती दिवसांनी पाठवतो, हे सगळे उघड होते. ज्यांनी हा क्रमांक आधीच काढून ठेवला आहे त्यांनी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती ऑनलाइन कायम करावी. काही बदल नसला तरी हे करावेच लागते, नाहीतर क्रमांक बंद पडतो आणि ऐन आंबिया बहारात गाडी भरून उभी असताना ते कळते.